सहा आणि सातचा डाव

इंग्रजीच्या तासाला सरांनी विचारले, "'अॅट सिक्सेस अँड सेव्हन्स' म्हणजे काय?" मी ताडकन उठले. आदल्याच दिवशी ग्रंथालयात त्याविषयी वाचले होते. "सर, सगळा विस्कळीत कारभार. आपण म्हणतो ना, तीनतेरा!" वर्गात हशा पिकला. सहा आणि सात मिळून तेराच होतात, हे मात्र कुणाच्या ध्यानात आले नाही!

मग मी लंडनची गोष्ट सांगितली. तिथल्या शिंप्यांच्या आणि केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघांत मानाच्या क्रमावरून भांडण होते. सहावे कोण नि सातवे कोण? १४८४ साली नगरप्रमुख रॉबर्ट बिलेस्डन यांनी निवाडा दिला : एका वर्षी हे सहावे, पुढच्या वर्षी ते. "त्यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला," असे सांगून मी ऐटीत खाली बसले.

सर हसले. "गोष्ट छान आहे. पण चॉसर वारला कधी?"

"१४०० साली, सर."

"त्याच्या 'ट्रॉयलस अँड क्रिसेड'मध्ये हे शब्द आहेत. मग?"

माझा चेहरा खर्रकन उतरला. एका सनावळीने माझी गोष्ट पार झोपवली होती.

सर पुढे म्हणाले, हे शब्द बहुधा फाशांच्या खेळातले. पण फाशावर सात कुठला? म्हणून अभ्यासकांना वाटते, की मूळ फ्रेंच आकडे पाच आणि सहा असावेत. इंग्रजांच्या तोंडी ते बदलले. आणि तेव्हाचा अर्थ गोंधळ नव्हे, तर सारे काही डावावर लावणे. गोंधळ हा अर्थ मागाहून आला.

ते ऐकले आणि मला घर आठवले. माझ्या कॉलेजसाठी बापूंनी ओढ्याकाठचे शेत गहाण टाकले, तेव्हा थोरले काका कडाडले होते, "पोरीच्या शिक्षणापायी घराचे तीनतेरा करशील!" बापू काहीच बोलले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना ही सारी हकिगत सांगितली. सुपारी कातरता कातरता ते थांबले. म्हणाले, "म्हणजे तुझे काका म्हणाले ते, आणि मी केले ते, त्या साहेबाच्या एकाच बोलात बसले की गं!"

शेत अजून सुटायचे आहे. माझा निकाल जूनमध्ये लागेल.