फातिमाबींचा शोध

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात दोन संगणक आहेत. त्यांतला एक चालतो. ग्रंथपाल म्हणून मी तिथे बसते आणि वर्षातले बहुतेक दिवस तो संगणक मुलांच्या परीक्षेचे अर्ज भरण्यातच जातो. त्याच संगणकावर २०२५ च्या जानेवारीत मला आणि नववीतल्या एका मुलीला चार दिवस बसावे लागले. त्या चार दिवसांनी मलाच काही गोष्टी नव्याने शिकवल्या. म्हणून हे लिहिते आहे.

३ जानेवारी ही सावित्रीबाईंची जयंती. त्या निमित्ताने शाळेत तक्ते लागतात. ह्या मुलीने फातिमा शेख यांच्यावर तक्ता केला होता. वर मोठ्या अक्षरांत नाव, खाली जन्मतारीख ९ जानेवारी १८३१, मग 'पहिल्या मुस्लिम शिक्षिका'. भोवती हिरव्या रंगाची वेलबुट्टी. पण ९ तारखेलाच एका पत्रकाराने समाजमाध्यमावर लिहिले की फातिमा शेख नावाची कोणी बाई झालीच नाही, ते पात्र मीच रचले होते. दुपारपर्यंत ही बातमी मोबाईलवरून गावात पोहोचली. दुसऱ्या दिवशी वर्गातली मुले तिला 'खोटी फातिमा' म्हणू लागली. मधल्या सुट्टीत ती तक्ता गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली.

"मॅडम, हा इथेच ठेवा. घरी नेला तर अब्बा विचारतील."

मग थोडे थांबून म्हणाली, "मॅडम, आपल्यातले कोणीच नव्हते का तिथे?"

ह्या प्रश्नाने मला खाली बसवले. होत्या, असे म्हणावे तर माझ्याकडे पुरावा काय होता? कित्येक वर्षे मी स्वतःच ती तारीख मुलांना सांगत आले होते. एका जुन्या कात्रणातून ती घेतली होती. कात्रणवाल्याने कोठून घेतली, हे मी कधी विचारले नव्हते.

मी म्हटले, "तक्ता राहू दे. आधी आपण शोधू."

पहिल्या दिवशी आम्ही नेहमीसारखे नाव टाकून शोधले. ढीगभर पाने आली. सगळ्यांत तीच तारीख, तीच वाक्ये, कधी कधी तीच शुद्धलेखनाची चूक. २०२२ साली गूगलनेही ९ जानेवारीला त्यांचे चित्र लावले होते. मुलगी खूश झाली. मी तिला वहीत दोन रकाने पाडायला सांगितले, 'काय म्हटले आहे' आणि 'कोणी सांगितले'. पहिला रकाना भरभर भरला. दुसरा कोराच राहिला. शंभर घागरी भरलेल्या होत्या, पण पाणी एकाच विहिरीचे होते आणि ती विहीर कोठे आहे हे कोणी लिहीत नव्हते.

माझे दादा हदीस सांगताना आधी कोणी कोणाकडून ऐकले ती साखळी सांगत. लहानपणी त्या नावांचा मला कंटाळा येई. हदीस जमवणाऱ्या विद्वानांनी प्रत्येक दुव्याची छाननी केली, ही आपल्या परंपरेतली केवढी मोठी शिस्त आहे! मोबाईलवर आलेली गोष्ट पुढे ढकलताना मात्र आपण ती विसरतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही अभ्यासाच्या भांडारांकडे वळलो. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आयआयटी खरगपूरने उभे केले आहे. २०१८ साली ते सर्वांसाठी खुले झाले. शाळेची मुलेही ते फुकट वापरू शकतात. तिथली पुष्कळशी पुस्तके प्रत्यक्षात दुसरीकडे असतात, हे ग्रंथालय फक्त तिथपर्यंत वाट दाखवते. दुसरे 'शोधगंगा'. देशभरातल्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध तिथे वाचता येतात. नाव लिहिण्याच्या तऱ्हा किती! फातिमा, फातेमा, फातिमाबी, शेख, शेइख, इंग्रजीत आणखी वेगळ्या. एक अक्षर बदलले की निकाल बदलतात, हे मुलीच्या लवकर ध्यानात आले. तिने सगळ्या तऱ्हांची यादीच केली.

प्रबंध तिला कळण्याजोगे नव्हते. मी तिला सांगितले, "मजकूर सोड, खालच्या टिपा वाच." टिपा वाचत वाचत आम्ही एका पुस्तकापाशी आलो. 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय', संपादक डॉ. मा. गो. माळी, प्रकाशक महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, १९८८. मधे एका परदेशी नियतकालिकातला लेख सापडला, पण तो उघडायला पैसे मागत होते. सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये ठेवले. पण ती उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे, शाळांसाठी नाही. "मग आम्ही कॉलेजात जाईपर्यंत थांबायचे?" मुलीने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

मंडळाचे पुस्तक मात्र विनामूल्य मिळाले. आमच्या प्रतीत पानांची नुसती छायाचित्रे होती, त्यामुळे शब्द टाकून शोध लागेना. अनुक्रमणिका पाहून पाने उलटणे एवढाच मार्ग उरला. तेवढ्यात लाईट गेली. तो दिवस तिथेच संपला.

तिसऱ्या दिवशी सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली पत्रे उघडली. त्यांतले पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे. सावित्रीबाई आजारी होत्या, माहेरी नायगावला होत्या. आपण नसल्याने शाळेचा भार फातिमावर पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. मुलीने पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवले. बराच वेळ ठेवले.

"मॅडम, पुस्तक १९८८ चे. तेव्हा ही समाजमाध्यमे होती का?"

"नव्हती."

"मग हे त्यांनी कसे रचले?"

मी काही बोलले नाही. हिशेब तिचा तिने केला होता.

पण काम इथे संपले नव्हते. पत्रात नुसते फातिमा आहे. 'शेख' नाही, जन्मतारीख नाही. फुले दांपत्याला आसरा देणारे उस्मान शेख आणि ह्या फातिमा यांचे नाते सर्वत्र सांगितले जाते, पण त्या पत्रात तेही नाही. ९ जानेवारी १८३१ ह्या तारखेला आधार देणारा एकही कागद आम्हाला मिळाला नाही. मी म्हटले, "तारीख खोडावी लागेल."

मुलीचा चेहरा उतरला. शिक्षकांच्या खोलीत तर वादच झाला. माझे एक सहकारी म्हणाले, "बाहेरचे टपून बसलेले असताना आपल्या माणसाची तारीख आपणच खोडायची?" त्यांचा राग मला समजत होता. पण त्या आठवड्यात आमच्या मुलीला खाली बघावे लागले, ते ह्यामुळेच. आपण न तपासता मोठे बोललो होतो. बोललेले एक चुकीचे निघाले की ऐकणारा सगळेच खोटे मानतो. एका पत्रातल्या एका नावावर आपल्याला ठाम उभे राहता येते. मग उसन्या तारखेची गरज काय?

त्याच शाळांत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला, म्हणून तिचे शब्द आज आपल्यापाशी आहेत. फातिमाबींचे शब्द कोणी छापल्याचे आम्हाला आढळले नाही. माझ्या दादींनी चाळीस वर्षे मोहल्ल्यातल्या मुलींना कुरआन वाचायला शिकवले. त्यांचे नाव रेशनकार्डावर सोडून कोठेही नाही. कागद नाही म्हणजे माणूस नव्हते, असे नव्हे. पण कागद आपणच केला नाही, तर पुढे भांडायला आपल्या हातात काही उरत नाही.

चौथ्या दिवशी मुलीने नवा तक्ता केला. वेलबुट्टी तशीच. जन्मतारखेच्या जागी 'माहीत नाही'. खाली पत्राची तारीख, पुस्तकाचे नाव, पान क्रमांक. तिला चिडवणारी मुले बघायला आली, तेव्हा तिने त्यांना ग्रंथालयात आणून ते पान दाखवले. एकाने विचारले, "माहीत नाही असे कोणी तक्त्यावर लिहिते का?" ती म्हणाली, "मी लिहिते."

त्यानंतर आम्ही ग्रंथालयात एक नोंदवही ठेवली आहे. आपल्या वस्तीत ज्या बायकांनी कोणाला काही शिकवले, त्यांची माहिती मुले घरून विचारून आणतात. कोणी सांगितले, कधी सांगितले, कोणी लिहिले हे प्रत्येक नोंदीखाली असते. पहिली नोंद माझ्या दादींची आहे. त्यांची जन्मतारीख मलाही ठाऊक नाही, तसेच लिहून ठेवले आहे.