लष्करच्या गल्लीत पिकअप

ग्वाल्हेरच्या मेळ्यातून सहसा कोणी रिकाम्या हाताने परतत नाही. कुणी खुर्ज्याच्या बरण्या आणतो, कुणी लोकरीची शाल, कुणी निदान मुरेनेच्या गजकेचा डबा. आम्ही 2024 च्या मेळ्यातून पिकअप आणली. हौस म्हणाल तर हौस, आणि हिशेब म्हणाल तर तोही होता. मेळ्यात घेतलेल्या आणि ग्वाल्हेरलाच नोंदविलेल्या गाडीवर त्या वर्षी राज्य सरकारने रस्ताकरात निम्मी सूट दिली होती. लाखाहून अधिक रुपये वाचले, असे आम्ही घरी येऊन अभिमानाने सांगितले. त्यावर घरातून उत्तर आले, “गाडी घेतलीच नसती तर सगळेच वाचले असते.”

हा मेळा 1905 साली माधवराव शिंद्यांनी सुरू केला, तो गुराढोरांचा बाजार म्हणून. तेव्हाचे लोक बैलाचे दात पाहत, खूर पाहत, पाठीवर थाप मारून किंमत ठरवीत. आता त्याच मेळ्यात माणसे टायर चाचपतात आणि दार आपटून आवाज ऐकतात. जनावर बदलले, पारख करण्याची रीत फारशी बदललेली नाही.

पुढे प्रशस्त मोटार आणि मागे उघडा हौदा, अशी ही गाडी आपल्या देशात घरगुती वापरासाठी फार थोडे लोक घेतात. इसुझूची व्ही-क्रॉस 2016 मध्ये आली, टोयोटाची हायलक्स 2022 मध्ये. हायलक्सचे डिझेल इंजिन 2.8 लिटरचे, ताकद 204 अश्वशक्तीची. लांबी पाहावी तर दोन्ही गाड्या सव्वापाच मीटरच्या वर आणि रुंदी साधारण 1.86 मीटर. आमची गाडी याच जातकुळीची. चिखल, वाळू, चढ यांची तिला भीती नाही. पण हौदा रिकामा असला की मागचे पाटे ताठ राहतात आणि प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यांना कळवतात. गावात लिटरला नऊ-दहा किलोमीटर मिळाले तर त्या दिवशी आम्ही समाधानी असतो.

आता ही गाडी राहते कोठे? लष्करात. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. तो तळ पुन्हा उठलाच नाही, त्याचेच शहर झाले आणि छावणीचे नाव शहराला चिकटले. कंपू, शिंद्यांची छावणी ही मोहल्ल्यांची नावे त्या दिवसांची साक्ष देतात. त्या तळाबरोबर आलेल्या आपल्या लोकांनी वाडे बांधले ते घोडा आणि पालखी यांच्या मापाने. आमच्या गल्लीत पिकअप शिरते, पण वळत नाही. तिला वळायला साडेबारा मीटरची मोकळी जागा लागते. गल्लीत तर समोरासमोरच्या दोन ओसरींवर बसलेल्या बायका आवाज न चढवता बोलतात. त्यामुळे गाडी बाहेर रस्त्यालगत भाड्याच्या जागेत उभी असते आणि आम्ही रोज सकाळी चालत तिच्यापर्यंत जातो. महाराजवाड्यापाशी थांबलो की कोणीतरी हमखास काचेवर टकटक करून विचारतो, “भैया, दाल बाज़ार का क्या लोगे?”

रविवारी मात्र तिचे पांग फिटतात. उरवाई दरवाज्यातून किल्ल्याची चढण लागते. दोन्ही अंगांस कड्यात कोरलेल्या, तोमरांच्या काळातील भव्य जैन मूर्ती असतात आणि गाडी कुरकुर न करता वर चढते. कधी तिघऱ्याच्या धरणाकडे जातो. विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये खडकवासल्यास जी स्वयंचलित दारे बसविली, त्याच धर्तीची दारे त्यांनी पुढे येथेही योजली. पुण्याचे पाणी आणि ग्वाल्हेरचे पाणी यांचे हे नाते पाहुण्यांना सांगताना आम्हांला उगाच भरून येते.

गेल्या पावसाळ्याआधी आत्याबाईंचे घर रिकामे करायचे ठरले. शेजारच्याच गल्लीतील ते घर चार पिढ्यांचे. मुलगा बंगळूरला, मुलगी परदेशात, आणि ऐंशीच्या आत्याबाईंना जिना चढवेना. थाटीपूरला आमच्या धाकट्या बंधूंच्या तळमजल्यावर त्या राहणार होत्या. आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हटले, “ट्रक कशाला? आपली गाडी आहे की!”

पण गाडी गल्लीत जाईना. शेवटी एक ठेलेवाला आला. त्याने देवघर, तांब्याचा बंब, जाते, शिसवी पाट आणि लोणच्याच्या बरण्या पाच फेऱ्यांत रस्त्यापर्यंत आणल्या. दोनशे अश्वांची शक्ती तोंडावर उभी आणि काम करतो आहे एक माणूस! दारादारांतून लोक बाहेर आले. आत्याबाई प्रत्येकाशी थांबून बोलल्या, कुणाला कढई दिली, कुणाला तुळशीचे रोप. तीनशे पावलांना तास लागला.

गाडीत बसताना त्यांनी हौद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “एवढंच होय रे सगळं? मला वाटलं होतं, दोन फेऱ्या लागतील.”

आम्हांला उत्तर सुचले नाही. त्या दिवशी भरलेल्या हौद्यामुळे मागचे पाटे प्रथमच नीट बसले होते आणि गाडी अगदी मऊ चालत होती. थाटीपूरपर्यंत कोणी बोलले नाही.

ही गाडी घ्यावी का, असे झाशी-इंदूरचे आप्त आम्हांला पत्राने आणि फोनवर विचारतात. आम्ही सांगतो, आधी गल्ली मोजा, मग खिसा मोजा. आणि घेतलीत, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना ती रिकामी असतानाच फिरवून आणा. आत्याबाईंना आम्ही किल्ल्यावर नेऊ म्हणत होतो. ते आता येत्या रविवारी. त्यांना वर बसता यावे म्हणून आम्ही लाकडी पाट घेतला आहे, त्यांच्याच घरचा.