मंजूर, मंजूर

आमच्या ऊसपट्ट्यात सहकारी साखर कारखाना बुडाला की त्याची कारणमीमांसा एका शब्दात उरकते : ‘खाल्ला.’ कोणी खाल्ला, किती खाल्ला, कुणाच्या नावावर कुठे बंगला उभा राहिला, हे पारावरच्या माणसाला तोंडपाठ असते. त्यातले बरेचसे खरेही असते. तरी मला हे उत्तर कधी पुरेसे वाटलेले नाही. खाणारे सगळीकडे असतात. खासगी कारखान्यात असतात, सरकारात असतात, देवस्थानांत तर असतातच. असे असूनही काही संस्था खाणाऱ्यांना पुरून उरतात, आणि काही संस्था फारसे कुणी न खाताही बसतात. अशा वेळी वाळवी लागली असे म्हणायची पद्धत आहे. पण वाळवी निदान बाहेरून, जमिनीतून चढते. इथे जे होते ते संस्थेच्या स्वतःच्या निर्णयांनी होते, रीतसर ठराव करून, सूचक आणि अनुमोदकाच्या नावांसह.

सुरुवात फार उमदी होती, हे आधी सांगितले पाहिजे. नाहीतर सहकाराला नावे ठेवणाऱ्यांच्या रांगेत मीही जाऊन उभा राहीन. नगर जिल्ह्यातल्या लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून भागभांडवल गोळा केले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला. त्याचे पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे. ही गोष्ट आपण शाळेत सनावळीसारखी पाठ करून सोडून देतो. मला त्यात एक शहाणपण दिसते. ज्याचे गावात भाऊबंद नाहीत, ज्याला कुणाच्या मेव्हण्याला कामावर घ्यायचे नाही, आणि जो ताळेबंद वाचू शकतो, अशा माणसाला शेतकऱ्यांनी मुख्य खुर्चीत बसवले. नाही म्हणू शकणारा माणूस त्यांनी मुद्दाम घरात आणून ठेवला होता. पुढे कारखाने वाढले, त्यांच्याभोवती शाळा, दवाखाने, दूध संघ, इंजिनियरिंग कॉलेजे आली. असा नाही म्हणणारा माणूस मात्र दुर्मीळ होत गेला.

सहकाराचा पाया साधा आहे. शेअर एक असो की पन्नास, सभासदाला मत एकच. कागदावर याहून चांगली लोकशाही सापडायची नाही. पण उसाचे एक वैशिष्ट्य आहे, आणि सगळे राजकारण त्यात आहे : ऊस वेळेवर तुटला पाहिजे. पक्व झालेला ऊस फडात उभा राहिला की त्याला तुरा येतो, पोकळ पडतो, वजन उतरते. डिसेंबरात तुटणारा ऊस आणि एप्रिलच्या उन्हात तुटणारा ऊस यांच्यात टनेजचा फरक पडतो, खोडवा धरायला उशीर होतो ते वेगळेच. आणि ऊस कधी तुटणार हे ठरते गट ऑफिसात. नोंदीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम लागावा असा नियम आहे. पण टोळी कुठल्या फडात पाठवायची हे शेवटी शेतकी खात्याच्या हातात, आणि शेतकी खाते कुणाच्या हातात हे सांगायला नको.

आमच्या घरात हे एकदा जवळून पाहिले. एका चुलत्यांनी वार्षिक सभेत उठून मळीच्या विक्रीचा दर विचारला होता. आरोप केला नव्हता, नुसता दर विचारला. त्या हंगामात आमच्या बांधाला बांध असलेल्या तिन्ही शेतकऱ्यांचा ऊस गेला, आमचा राहिला. तोडणीची चिठ्ठी आणणारा चिटबॉय रोज सायकलवरून जाता जाता ‘उद्या टोळी येतीये’ म्हणायचा. टोळी आली तेव्हा चैत्र लागला होता. मजूर गावाकडे निघायच्या घाईत. त्यांना खुशाली द्यावी लागली, ट्रॅक्टरवाल्याला एंट्री द्यावी लागली, आणि तरी निम्म्या फडाला काडी लावूनच तोड झाली. जळिताची कपात पुन्हा बिलात लागली. कुणी धमकी दिली नाही, कुणी अपशब्द वापरला नाही. पुढच्या सभेत चुलते गप्प बसले, आणि त्यांच्या मागच्या रांगेतले चाळीसएक लोकही. एका माणसाचा ऊस वाळवून अख्ख्या शिवाराचे तोंड बंद होते. सत्ता टिकवण्याचा इतका स्वस्त उपाय हाताशी असल्यावर तो वापरायचा नाही, यासाठी संतच लागतो.

अशा तऱ्हेने सभा शांत झाल्या. आता ती सभा कशी असते ते पाहा. सप्टेंबरात, पावसाळी हवेत, कारखान्याच्या आवारात मांडव. आधी आठ दिवस घरी अहवाल आलेला असतो : गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर संस्थापकांचा फोटो, मग चेअरमनचा, मग संचालकांचे पासपोर्टएवढे चौकोन. मधल्या पानांवर ‘सहवीजनिर्मिती’, ‘विस्तारीकरण’, ‘आसवनी’. ताळेबंद मागच्या पानांवर, मुंगीएवढ्या अक्षरात. त्यात ‘संचित तोटा’ नावाची ओळ दरवर्षी एकेक आकडा उजवीकडे सरकत जाते. लेखापरीक्षकाचे शेरे त्याच्याही मागे. विषयपत्रिकेवरचा शेवटचा विषय ठरलेला : ‘ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर मा. अध्यक्षांच्या परवानगीने विचार करणे’. अध्यक्षांना विचारायचा प्रश्न अध्यक्षांच्याच परवानगीने! विषय वाचला जातो, पुढच्या तीन रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो, विरोधी पॅनेलचा एखादा माइककडे निघाला तर माइक बंद पडतो, आणि राष्ट्रगीत सुरू होते. राष्ट्रगीताला सगळे उभे राहतात. त्यामुळे सभा शिस्तीत संपते.

वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी येते, ‘सभा खेळीमेळीत संपन्न’. मला वाटते, संस्थेच्या मरणाची तारीख शोधायची असेल तर ती लिलावाच्या नोटिशीत शोधू नये. खेळीमेळीतल्या पहिल्या सभेच्या बातमीत शोधावी.

सभा बंद झाली, मग दार बंद झाले. नवा सभासद करून घेणे म्हणजे एक अनोळखी मत वाढवणे, म्हणून अर्ज कपाटात पडून राहतात. सभासद मयत झाला की वारसनोंद अडते. मुलगा कुठल्या पॅनेलचा आहे हे आधी पाहिले जाते. ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ साली राज्याच्या सहकार कायद्यात अक्रियाशील सभासदाची तरतूद आली. पाच वर्षांत एकाही सर्वसाधारण सभेला न आलेल्याचे, कारखान्याला ऊस न घालणाऱ्याचे मत जावे, असा तिचा रोख. हेतू वाईट नव्हता. पण सभेच्या हजेरीचे रजिस्टर कुणाच्या टेबलावर असते, आणि ज्याचा ऊस मुद्दाम नेला नाही त्याने ‘ऊस घातला नाही’ असे ठरवणारे कोण, हे प्रश्न कायद्याच्या पोटात शिरलेच नाहीत. आणि दाराबाहेर पहिल्यापासून उभे असलेले लोक तर वेगळेच : बीडकडून येणारा, मुकादमाची उचल घेऊन बैलगाडीसह पाच महिने पाचटाच्या कोपीत राहणारा ऊसतोड मजूर. ज्याच्या कोयत्यावर सगळा हंगाम चालतो तो या सहकारात कधीच ‘सह’ नव्हता. त्याला विचारले असते तर गट ऑफिसातल्या गोष्टी सर्वांत आधी त्यानेच सांगितल्या असत्या.

यात सर्वांत मोठी फसगत कुणाची होत असेल तर खुद्द चेअरमनची. हे विधान ऐकून आमच्याकडचे लोक हसतात, पण मी ते गंभीरपणे करतो. वीस वर्षे ज्याला कुणी प्रश्न विचारला नाही त्याला खरी बातमी कोण देणार? शेतकी अधिकारी सांगतो, कार्यक्षेत्रात ऊस भरपूर आहे. कारण ऊस नाही म्हटले तर नोंदी वाढवून का दाखवल्या हे निघेल. चीफ केमिस्ट उतारा जरा बरा सांगतो. कार्यकारी संचालक सांगतात, गाळपक्षमता साडेबाराशेची अडीच हजार टन केली की सगळा तोटा भरून निघेल. मग कर्ज काढून विस्तारीकरण होते, बॉयलर पेटवण्याचा समारंभ होतो, गव्हाणीत मोळी पडते, आणि हंगाम फेब्रुवारीतच आटोपतो. कारण तेवढा ऊस नव्हताच. दर कमी मिळतो म्हणून लोकांनी तो शेजारच्या कारखान्याला, रात्रीच्या ट्रकने, कधीच घालायला सुरुवात केली होती. कार्यक्षेत्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट चेअरमनच्या केबिनमध्ये पोचली नव्हती. तिथे पोचायचा प्रत्येक रस्ता त्यांनीच बुजवला होता.

बाहेरून कुणी जाब विचारावा, तर तिथेही घरचेच लोक. कारखान्याचा चेअरमन जिल्हा बँकेचा संचालक, जिल्हा बँकेचा प्रतिनिधी राज्य सहकारी बँकेवर, आणि वर थकहमीला सरकार, ज्यात हेच लोक किंवा यांचेच व्याही. कर्ज मागणारा आणि कर्ज मंजूर करणारा एकमेकांच्या पंगतीतले असले की कर्ज थकत नाही, ‘पुनर्गठित’ होते. २०११ च्या मे महिन्यात राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले, तोवर कितीतरी कारखान्यांची राखरांगोळी झालेली होती. अनेकांचे लिलाव २००२ च्या सिक्युरिटायझेशन कायद्याखाली झाले. मग चौकशी. सहकार कायद्याचे कलम ८३, मग कलम ८८, जबाबदारीनिश्चिती, अपील, स्थगिती. ‘अठ्ठ्याऐंशीची चौकशी लागली’ हे वाक्य आमच्या तालुक्यात ‘पावसाळा लागला’ इतक्या सहजपणे बोलले जाते. आज राज्यात गाळप करणाऱ्या कारखान्यांत खासगी कारखाने सहकारी कारखान्यांच्या जवळजवळ बरोबरीने आहेत. त्यांतले काही तर जुन्याच चिमणीखाली, नव्या पाटीने चालतात.

रॉबर्ट मिशेल्स नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९११ साली सांगितले होते की संघटना कितीही लोकशाहीवादी असली तरी ती शेवटी मूठभरांच्या हाती जाते. त्याने उदाहरण घेतले होते ते कामगारांच्या पक्षाचे. त्याला तो अटळ नियम वाटला, आणि बहुधा म्हणूनच पुढे तो मुसोलिनीच्या पक्षात जाऊन बसला. अटळपणावर विश्वास बसला की माणसे अशीच कुठेतरी जाऊन बसतात. मला त्याचे निदान पटते, ‘अटळ’ पटत नाही. उसाला चांगला भाव देणारे, वेळेवर तोड करणारे सहकारी कारखाने आजही आहेत, आणि ते कुठे आहेत हे पाहिले तर बहुतेक ठिकाणी एक गोष्ट सापडते : तिथे निवडणूक खरोखर होते, आणि मागच्या वेळी पडलेले पॅनेल पुढच्या सभेत माइकपुढे उभे असते. कोल्हापूरकडच्या सभांत खुर्च्या फेकल्या जातात म्हणून आपण नाके मुरडतो. फेकू नयेत, हे खरेच. पण जिथे खुर्ची फेकली जाते तिथे ती अजून कुणालातरी हवी आहे, एवढे तरी कळते.

सभेत विचारता न आलेला प्रश्न नाहीसा होत नाही, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८० साली शरद जोशींनी नाशिक जिल्ह्यात उसाला टनामागे ३०० रुपये मागितले तेव्हा शेतकरी रस्त्यावर बसले. आपल्याच मालकीच्या कारखान्यांचे हे मालक आपल्याच मालाचा भाव मागायला रस्त्यावर आले, यातली विसंगती त्या वेळी फार कुणी बोलून दाखवली नाही. ऊस कारखान्याला पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज द्यावे, हा नियम केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. तो पाळला जावा म्हणून आजही दरवर्षी पुण्यात साखर आयुक्तांच्या दारात मोर्चे येतात. मालक आयुक्तांकडे जातात, स्वतःच्या चेअरमनकडे जात नाहीत.

आणि आपण सभासद? आपण दिवाळीची साखर घेतली. सवलतीच्या दरातली साखर पोत्यात भरून घरी येते तेव्हा तिच्याबरोबर ‘चेअरमन आपला माणूस आहे’ ही भावनाही येते. आपण पोराला हंगामी म्हणून चिकटवायला चिठ्ठी मागितली, लग्नाला चेअरमनची हजेरी मागितली, सत्काराला फेटा बांधून घेतला. कारखाना तोट्यात आहे हे माहीत असूनही उसाला शेजारच्यापेक्षा शंभर रुपये जास्त जाहीर करा म्हणून आपणच ओरडलो, आणि निवडणुकीच्या वर्षी तेवढे जाहीर झाले तेव्हा ते कुठून आले हे विचारले नाही. अठ्ठ्याऐंशीच्या चौकशीत यातले काहीच धरले जात नाही. खाणारे पाचपंचवीस होते. ‘मंजूर’ म्हणणारे हजारो होतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचे ३२ वे कलम सांगते की कोणत्याही सभासदाला संस्थेच्या कार्यालयात, कामकाजाच्या वेळेत, विनामूल्य संस्थेचे उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभेचे आणि संचालक मंडळाच्या सभेचे इतिवृत्त पाहता येते. हे कलम फक्त साखर कारखान्याला नाही. शिक्षकांच्या पतपेढीला, गावच्या विकास सोसायटीलाही आहे. यंदा सप्टेंबरात अहवाल घरी आला की तो मागच्या पानापासून वाचायला घ्या, आणि सभेच्या आधी एक साधा अर्ज करा. पोच घ्यायला विसरू नका.