डाव्या हाताची खुर्ची

वहीच्या पहिल्या पानावर नोंद आहे: 9 नोव्हेंबर 2019, रुपये 2,000. तपशिलात ‘पोकर’ लिहायचं धाडस झालं नव्हतं, म्हणून ‘किरकोळ’ लिहिलंय. इचलकरंजीत एका सुताच्या पेढीवर मी दिवाणजी आहे. किरकोळ या खात्यात काय काय दडवता येतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

खेळ भाच्यानं शिकवला. रमी आणि मेंढीकोट लहानपणापासून हातात, त्यामुळे पोकरचे नियम एकाच संध्याकाळी डोक्यात बसले. आपल्याला खेळता येतं, हा भ्रमही त्याच संध्याकाळी बसला. पहिले तीन आठवडे ॲप उघडायचं, जे टेबल समोर दिसेल तिथं बसायचं आणि बरे पत्ते आले की पैसे लावायचे, एवढंच चाललं. 2,000 चे 1,130 झाले. मग मी जे काम रोज पगार घेऊन करतो ते घरी फुकट करायला घेतलं: कुठल्या टेबलावर किती गेले, किती वाजता गेले, समोर कोण होतं, हे लिहून काढलं. लिहिल्यावर दिसलं ते असं, की माझं नुकसान पत्त्यांनी फार थोडं केलं होतं. दुपारी दोन वाजता, सगळे मुरलेले खेळाडू बसलेल्या टेबलांवर मी आपण होऊन जाऊन बसलो होतो.

आमचे शेठ म्हणतात, नफा विकताना होत नाही, खरेदी करतानाच झालेला असतो. पंधरा वर्षं ऐकत आलो होतो. कळलं ते त्या रात्री.

870 रुपये भरून पुन्हा 2,000 केले आणि हे शेवटचे असं ठरवलं. ते पाळलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. नियम उसने घेतले ते क्रिस फर्ग्युसन या अमेरिकन खेळाडूचे. 2006 मध्ये त्यानं शून्यातून, म्हणजे फुकट प्रवेशाच्या स्पर्धांपासून, 10,000 डॉलर करून दाखवायचं मनावर घेतलं आणि साधारण सोळा महिन्यांत केलेही. त्याचा नियम सोपा: एका टेबलावर एकूण भांडवलाच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊन बसायचं नाही, आणि टेबलावरचे आपले पैसे भांडवलाच्या 10 टक्क्यांवर गेले की उठायचं. गंमत अशी, की हाच माणूस ज्या कंपनीच्या संचालक मंडळावर होता, तिथं 2011 मध्ये हजारो खेळाडूंचे पैसे अडकले. नियम मात्र चोख होता. माझ्या 2,000 चे 5 टक्के म्हणजे 100 रुपये, आणि 50 पैसे–1 रुपया ब्लाइंडच्या (पत्ते बघण्याआधीच दोघांनी लावायच्या सक्तीच्या रकमेच्या) टेबलाला नेमके शंभरच लागायचे.

या छोट्या टेबलांवर पहिला विरोधक म्हणजे रेक. प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या रकमेतून, कंपनी 5 टक्के कापून घ्यायची. ऐकायला किरकोळ वाटतं. मी हिशोब मांडला. शंभर डावांत मी सोळाएक पॉट जिंकायचो, सरासरी साडेबारा रुपयांचे. त्यावर कापले गेले दहा रुपये. म्हणजे शंभर डावांमागे दहा बिग ब्लाइंड आधी कंपनीला द्यायचे आणि उरलं तर ते आपलं. थोडासा बरा खेळणारा माणूस इथं सरळ तोट्यात जातो. आणि वर गंमत अशी, की आपण वाईट खेळतो असं समजून तो पुस्तकं वाचत बसतो. फार कच्चे खेळाडू समोर असतील तरच रेक भागवून काही उरतं. तेव्हा पत्ते कसे खेळायचे याच्या आधी, कुणाशी खेळायचं.

लॉबीत प्रत्येक टेबलापुढे दोन आकडे असायचे: सरासरी पॉट आणि किती टक्के खेळाडू फ्लॉप, म्हणजे टेबलावर उघडले जाणारे पहिले तीन पत्ते, बघतात. बहुतेक जण पहिला आकडा बघून धावतात. मीही धावलो होतो. पण पॉट मोठा दिसतो तो पुष्कळदा दोन तगड्या गड्यांची आपसात जुंपलेली असते म्हणून. तिथं तिसऱ्यानं जाऊन करायचं काय? खरा आकडा दुसरा. सहा जणांच्या टेबलावर पंचविशीच्या आसपास असेल तर सगळे दबा धरून बसलेत, पुढं चला. पंचेचाळीसच्या वर असेल तर तिथं लोक मजा म्हणून आलेत, पत्ते टाकून देणं त्यांना पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं. अशा टेबलावर थापा मारायला जाऊ नये. चांगले पत्ते येईपर्यंत गप्प बसावं आणि आले की पुरेपूर किंमत लावावी. कंटाळवाणं काम आहे. मला कंटाळ्याचे पैसे घ्यायची सवय होती.

टेबल मिळालं की खुर्ची. खेळ डावीकडे सरकत जातो, म्हणून जो सैल हातानं खेळतो त्याच्या डाव्या हाताला बसायचं. तो आधी बोलतो, आपण त्याच्यानंतर. त्याचा निर्णय बघून आपला. ती खुर्ची रिकामी नसेल तर मी वेटिंगमध्ये नाव घालून थांबायचो, आणि तो गडी उठून गेला की दोन-चार डावांत मीही उठायचो. कितीदा तर पाऊण तास नुसती लॉबी बघून फोन ठेवून दिला. ही विचारायची, “अहो, खेळताय की बाजारभाव बघताय?” खरं म्हणजे दुसरंच.

वेळेचंही तसंच. रात्री दहाच्या पुढची शुक्रवार-शनिवारची टेबलं, महिन्याचा पहिला आठवडा, दिवाळीतले चार दिवस. आयपीएलचा सामना संपला की अर्ध्या तासात लॉबी भरायची. 2020 च्या टाळेबंदीत तर आमचे माग बंद, पेढी बंद, आणि दुपारी दोनचीही टेबलं शनिवार रात्रीसारखी.

चुकाही झाल्या. चार पत्त्यांच्या ओमाहात पॉट टपोरे दिसले म्हणून गेलो आणि एका आठवड्यात अकरा बाय-इन, म्हणजे टेबलावर अकरा वेळा बसायचे पैसे, घालवून परत आलो. दुसरी चूक फुगण्याची. भांडवल साठ हजारांच्या घरात गेल्यावर 5–10 च्या टेबलाला बसणं नियमात बसत होतं. बसलो. तिथं पाच जण माझ्यासारखेच, सगळे सहाव्याची वाट बघत. खिशाला परवडतं म्हणून टेबल चांगलं, असं नसतं. मुकाट्यानं 2–5 वर उतरलो.

31 मार्च 2023 ला मी खातं उतरवलं: शिल्लक 61,400. घातलेले 2,870 वजा जाता 58,530 नफा, साधारण 1,850 तासांत. तासाला 31 रुपये 64 पैसे. हिनं तो आकडा वाचला, काही बोलली नाही, आणि धुणं वाळत घालायला गेली. नंतर त्यातूनच वॉशिंग मशीन आलं.

एक नोंद मात्र वहीत करायला नको होती असं वाटतं. ॲपमध्ये प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे शेरा लिहायची सोय होती. मी भरपूर लिहायचो. एका नावापुढे दोन वर्षांत बरंच साठलं: ‘काहीही कॉल करतो. हरला की लगेच पुन्हा भरतो. पगार 7 ला.’ हे शेवटचं त्यानं सांगितलं नव्हतं. सहा तारखेपर्यंत तो पन्नास-पन्नास रुपये घेऊन यायचा आणि सातच्या रात्री पूर्ण बाय-इन, त्यावरून मी ताडलं होतं. दुसऱ्याची खतावणी वाचणं हा माझा धंदाच. मग मी सात तारीख राखून ठेवू लागलो. एका सातच्या रात्री चॅटमध्ये त्यानं मराठीतच लिहिलं, “बाळ आत्ता झोपलंय, तासभर खेळतो.” मी त्याच्या डाव्या हाताला बसलो होतो. उठावं असं मनात आलं, नाही असं नाही. पण उठलो नाही. त्या रात्री 1,240 जमा आहेत.

1 एप्रिल 2023 पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर कापला जाऊ लागला, पैसे काढताना, आणि काढले नाहीत तरी वर्षअखेरीला. तो मला सोसवला. ऑक्टोबरात भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला. मी पैसे भरतच नव्हतो, तेव्हा मला वाटलं, आपल्याला काय? पण शंभर भरणाऱ्याच्या वाट्याला अठ्ठ्याहत्तर उरणार, हा मार त्याच्यावर होता, आणि मी जगत होतो त्याच्याच जिवावर. सुरुवातीला कंपन्या बोनस देऊन ते भरून काढत. तरी पुढच्या दीड वर्षात सातच्या रात्रीसुद्धा फ्लॉपचा आकडा तिशीच्या वर जाईना. टेबलांवर आम्हीच उरलो, एकमेकांकडे बघत.

रमी हा कौशल्याचा खेळ असं सर्वोच्च न्यायालयानं 1967 मध्ये म्हटलं, तेव्हापासून पोकरवालेही त्याचाच आधार घेत आले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद केले. 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. ॲपवर टेबलं दिसेनाशी झाली, फक्त पैसे काढायचं बटण राहिलं. मी 38,905 काढले आणि खातं बंद केलं. सगळे शेरे ॲपबरोबर गेले. वहीत उतरवलेले तेवढे राहिले.

दिवाळीच्या आवराआवरीत ती वही हिच्या हाताला लागली. उभ्या उभ्या पानं चाळत होती. एका पानावर थांबून म्हणाली, “पगार 7 ला… हे कुणाचं खातं हो? पेढीचं आहे का?”

“जुनं गिऱ्हाईक,” मी म्हटलं, आणि वही मागून घेतली.