एक जूनचा केक

मुलांनो, किनवटच्या एखाद्या कार्यालयात जा आणि तेथील वडीलधाऱ्या माणसांना त्यांची जन्मतारीख विचारा. बरेच जण एकच उत्तर देतील, '१ जून!' एवढी माणसे एकाच दिवशी कशी जन्मली, असा प्रश्न तुम्हाला पडेल. लहानपणी मलाही पडला होता, कारण माझ्या दाखल्यावरही १ जूनच आहे.

त्याचे कारण ऐका. पूर्वी बाळंतपण घरीच होई. वाड्या-तांड्यांवर, कोलामांच्या पोडांवर आणि आमच्या मोहल्ल्यातही तसेच होते. जन्माची नोंद करण्याचा कायदा १९६९ साली झाला. पण त्यानंतरही कितीतरी जन्मांची नोंद झालीच नाही. मूल शाळेत आले की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. हात कानाला पोहोचला की मूल सहा वर्षांचे झाले असे समजत. शाळा जूनमध्ये सुरू होई, म्हणून रजिस्टरात तारीख पडे १ जून.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्याची सुट्टी होती. पण प्रवेशाच्या कामासाठी आम्ही काही जण शाळेत आलो होतो. एक तरुण शिक्षक नुकतेच रुजू झाले होते. त्यांनी कागदपत्रांत माझी जन्मतारीख पाहिली आणि बेकरीतून अर्ध्या किलोचा केक आणला. त्यावर माझे नाव होते. मी हसून म्हणाले, "सर, आज माझा वाढदिवस नाही, माझ्या रजिस्टराचा आहे!"

तेवढ्यात गणिताचे सर म्हणाले, "मग माझ्याही रजिस्टराचा आजच आहे." हिंदीच्या बाईंनी हात वर केला. दारात उभे असलेले शिपाईचाचा हळूच म्हणाले, "माझाही."

एक केक आणि उत्सवमूर्ती चार! उन्हाने क्रीम वितळू लागले होते. आम्ही सुरी चाचांच्या हातात दिली. त्यांनी केकचे अकरा तुकडे केले, अगदी सारखे. स्वतःचा तुकडा मात्र ते कितीतरी वेळ हातात धरून होते. ते म्हणाले, "माझ्या नावाचा केक कोणी आणला नाही. आजचाही माझ्या नावाचा नाही. पण कापला मी, हे काय कमी आहे?" तो केक किती गोड लागला म्हणून सांगू!

पण मुलांनो, या गमतीला दुसरी बाजू आहे. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे रोजी महाराष्ट्रात खूप लोक एकदम निवृत्त होतात. पुढच्या ३१ मे रोजी चाचांचीही पाळी होती. त्यांच्या आईच्या आठवणीप्रमाणे त्यांचे खरे वय दोन वर्षांनी कमी होते. गुरुजींच्या एका अंदाजाने त्यांची दोन वर्षांची नोकरी गेली. चाचांनी तक्रार केली नाही. पण तेव्हा त्यांची धाकटी मुलगी नववीत शिकत होती.

माझी अम्मी सांगते, "तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालीस. पैनगंगेला पूर होता. दाई भिजत आली." पोळा श्रावण अमावास्येला येतो, इंग्रजी महिन्यात त्याची तारीख दरवर्षी बदलते. हिजरी वर्ष तर सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. आईच्या आठवणीत तारीख नसते, पाऊस असतो, सण असतो. ती आठवण खरी असते, पण कार्यालयात चालत नाही.

आता काळ बदलला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत प्रवेश घेताना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागेल. तुमचा जन्म त्याआधीचा आहे. म्हणून आज घरी गेल्यावर दोन कामे करा. आपला जन्माचा दाखला आणि शाळेतील नोंद यांतील नाव व तारीख जुळवून पाहा. फरक असेल तर दहावीचा अर्ज भरण्यापूर्वीच वर्गशिक्षकांना सांगा, कारण नंतर दुरुस्ती फार कठीण जाते.

दुसरे काम याहून सोपे आहे. आईजवळ बसा आणि विचारा, "मी झालो तेव्हा बाहेर ऊन होते की पाऊस?" ती जे सांगेल ते वहीत लिहून ठेवा. ते कोणत्याही रजिस्टरात सापडणार नाही.