पंचावन्न हजारांची जुळणी

हाती पैसा मुबलक असला म्हणजे खरेदीला फारसा विचार लागत नाही. दुकानात जावे, सर्वांत महाग वस्तू मागावी आणि ती घेऊन घरी यावे. पैसा मोजका असला की मात्र आपल्याला नेमके काय हवे आहे, याचा माणसाला शोध घ्यावा लागतो आणि पुष्कळदा हा शोध त्या वस्तूहूनही मोलाचा ठरतो. माझ्या नातवाने आपला पहिला संगणक जुळवला, तेव्हा वांद्र्याच्या आमच्या घरी मला याचा प्रत्यय आला.

ही गोष्ट २०२४ सालच्या मे महिन्यातील. नातू तेव्हा नववीत जाणार होता. क्रिकेटचे, फुटबॉलचे आणि गावेच्या गावे उभारण्याचे खेळ खेळता येतील असा संगणक आपल्याजवळ असावा, ही त्याची फार दिवसांची इच्छा होती. त्याची आई, म्हणजे माझी मुलगी, एका रुग्णालयात परिचारिका आहे. तिने त्याच्यासाठी बँकेत दरमहा चौदाशे रुपयांची आवर्त ठेव तीन वर्षे चालवली होती. व्याजासह तिचे सुमारे पंचावन्न हजार रुपये झाले. ते त्याच्या हाती देताना ती एवढेच म्हणाली, "याच्यावर एक रुपयाही मिळायचा नाही. आणि काही चुकले, तर दुसऱ्यांदा घेता यायचे नाही." त्या चौदाशे रुपयांत तिच्या किती रात्रपाळ्या होत्या, हे मला ठाऊक होते, नातवालाही ते ठाऊक असावे, कारण पैसे घेताना तो नेहमीसारखा हसला नाही.

तयार संगणक विकत घेण्याऐवजी सुटे भाग आणून तो घरी जुळवायचा, असे त्याने ठरवले. निरनिराळ्या कारखान्यांत तयार झालेले भाग एकमेकांत बसतील कसे, अशी शंका मला आली. त्याने सांगितले, की या भागांची मापे आधीच ठरलेली असतात. इंटेल कंपनीने १९९५ साली 'एटीएक्स' नावाचे माप प्रसिद्ध केले. मुख्य पाटी म्हणजे मदरबोर्ड केवढा असावा, त्याच्या स्क्रूंची भोके कोठे असावीत, हे त्यात ठरवून दिले आहे. सर्वांनी एकच माप मानले, म्हणून कोणाचाही मदरबोर्ड कोणाच्याही पेटीत बसतो. मात्र सगळेच सगळ्यांत बसते असेही नाही. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तो सॉकेट कंपनीगणिक आणि पिढीगणिक निराळा असतो. आणि डीडीआर ४ या जातीची रॅम डीडीआर ५ च्या खाचेत मुळीच शिरत नाही. तेव्हा यादी करतानाच हे सारे पाहावे लागते.

त्याने एक यादी केली आणि मला वाचून दाखवली. पंचावन्न हजारांपैकी एकोणतीस हजार रुपये एकट्या ग्राफिक्स कार्डासाठी! उरलेल्या रकमेत स्वस्त प्रोसेसर, जेमतेम आठ जीबी रॅम आणि काचेच्या भिंतींचे, रंगीबेरंगी दिव्यांचे एक कॅबिनेट. त्या कॅबिनेटबरोबर वीज पुरवणारा एसएमपीएस फुकट मिळणार होता. मला संगणकाचे ज्ञान बेताचेच. पण शाळेत चाळीस वर्षे काढल्यावर प्रश्न विचारण्याची सवय काही जात नाही. मी म्हणालो, "मला तुझा विद्यार्थी समज. यातला प्रत्येक भाग काय काम करतो, ते मला समजावून सांग."

तो सांगू लागला. "आजोबा, प्रोसेसर म्हणजे तुमच्यासारखा मुख्याध्यापक. कोणत्याही विषयाचे अवघड काम तो करतो, पण एका वेळी थोडीच कामे हाती घेतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे सभागृहात बसलेली हजारो मुले. प्रत्येकाला एकच लहानसे गणित द्यायचे. सगळी मिळून ती क्षणात सोडवतात. रॅम म्हणजे पुढ्यातला बाक आणि एसएसडी म्हणजे भिंतीतले कपाट. बाक लहान असला, तर सारखे कपाटाकडे धावावे लागते."

"या हजारो मुलांना एवढे काम तरी काय असते?" मी विचारले.

त्याच्या मामाने दिलेला एक जुना मॉनिटर घरात होता. त्याच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके. आम्ही कागदावर गुणाकार केला. एका चित्रात २०,७३,६०० ठिपके होतात. हा पडदा एका सेकंदात साठ चित्रे दाखवतो. म्हणजे दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपक्यांचा रंग ठरवायला हवा! हा आकडा पाहून मी थक्क झालो. पण नातू दुसऱ्याच विचारात पडला होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आजोबा, पडदा साठच चित्रे दाखवणार. मग सेकंदाला शंभर-सव्वाशे चित्रे काढणारे कार्ड घेऊन मला त्याचा कितीसा उपयोग?"

हा प्रश्न त्याला स्वतःच सुचला, याचा मला फार आनंद झाला. त्यातूनच पुढचा प्रश्न निघाला. खेळातला चेंडू कोठे पडला, खेळाडू कोणत्या दिशेने धावला, हे प्रोसेसर ठरवतो आणि मग कार्ड त्याचे चित्र काढते. प्रोसेसर मंद असला, तर महागडे कार्ड पुढच्या कामाची वाट पाहत नुसते बसून राहणार. आमच्या गावाकडे एक साधा नियम होता. एक बैल दांडगा आणि दुसरा अशक्त अशी जोडी गाडीला कोणी जुंपत नसे. गाडी चालते ती अशक्त बैलाच्याच चालीने आणि दांडग्या बैलाचे बळ वाया जाते. संगणकाचेही तसेच आहे, हे नातवाच्या ध्यानी आले. त्याने पहिली यादी बाजूला ठेवली आणि नवा कागद घेतला.

आता राहिला तो फुकट मिळणारा एसएमपीएस. हा भाग खेळ जलद करीत नाही, चित्र सुंदर करीत नाही. पेटीच्या एका कोपऱ्यात तो दिसेनासा बसलेला असतो. म्हणूनच पैसे वाचवायचे झाले, की पहिली कात्री त्यालाच लागते. पण त्याचे काम पाहा. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेऊन तो तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज करतो व प्रत्येक भागाला ती बेताने पुरवतो. तो निकृष्ट असला आणि एखादे दिवशी बिघडला, तर स्वतःबरोबर इतर भागांनाही घेऊन बुडण्याची भीती असते. त्याची कार्यक्षमताही पाहावी लागते. ती ८० टक्के असेल, तर आतील भागांना २०० वॅट देण्यासाठी तो भिंतीतून २५० वॅट ओढतो. मधल्या ५० वॅटची नुसती उष्णता होते. नातवाने निवडलेल्या प्रोसेसरची आणि कार्डाची भूक मिळून सुमारे २०० वॅट होती. बाकीचे भाग आणि थोडी सवड धरून त्याने ५५० वॅटचा चांगला एसएमपीएस निवडला. रंगीत दिव्यांवर मात्र पाणी सोडावे लागले. त्याला वाईट वाटले. ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"सोळा जीबी रॅम म्हणजे काही फार नाही," तो किंचित खिन्नपणे म्हणाला. तेव्हा मी त्याला 'टिफ्रॅक'ची हकिकत सांगितली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः आखणी करून एक संगणक उभारला. त्यांनीही एकदम मोठ्या यंत्राला हात घातला नाही. आधी एक लहान नमुना करून पाहिला. पुरते यंत्र १९६० साली कामाला लागले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला नाव दिले. त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द चाळीस द्विमान अंकांचा असे. नातवाने लगेच हिशेब केला. त्याची सोळा जीबी रॅम टिफ्रॅकच्या स्मृतीच्या सोळा लाख पटींहून अधिक भरली! एवढ्याशा स्मृतीत शास्त्रज्ञ आपली गणिते बसवीत होते. जे हाती आहे ते पुरेपूर वापरणे, हीही एक विद्याच आहे. नातू यावर काही बोलला नाही, पण त्याची खिन्नता गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वांद्र्याहून धिमी गाडी पकडून ग्रँट रोडला उतरलो. तेथून चालत गेले, की लॅमिंग्टन रोड लागतो. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे हे नाव. रस्त्याला आता डॉ. दादासाहेब भडकमकर यांचे नाव दिलेले असले, तरी सुट्या भागांचा बाजार जुन्याच नावाने ओळखला जातो. आम्ही चार दुकानांत भाव विचारले. एका ठिकाणी दुकानदार म्हणाला, "बिल नको असेल, तर दोन हजार कमी करतो." दोन हजार! तेवढ्यात ते दिव्यांचे कॅबिनेट आले असते. नातवाने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मी मुद्दामच रस्त्याकडे पाहत राहिलो. मग तो म्हणाला, "नको काका, बिल पाहिजे. बिल नसेल, तर बिघडल्यावर हमी कशी मागणार? आणि पैसे आईचे आहेत."

शेवटी हिशेब असा झाला : प्रोसेसर ११,५००, मदरबोर्ड ७,०००, ग्राफिक्स कार्ड २०,५००, सोळा जीबी रॅम ३,४००, एसएसडी ३,६००, एसएमपीएस ४,२००, साधे पण हवेशीर कॅबिनेट ३,००० आणि कीबोर्ड व माऊस मिळून १,३००. एकूण चोपन्न हजार पाचशे.

घरी आल्यावर जुळणीला दुपारपासून रात्र झाली. अंगातील स्थितिक विजेने नाजूक भाग बिघडू नयेत, म्हणून तो मधून मधून कॅबिनेटच्या धातूला हात लावी. अखेर त्याने बटण दाबले. पंखे हलकेच फिरू लागले आणि जुन्या पडद्यावर अक्षरे उमटली. त्याच सुमारास मुलगी कामावरून परत आली. नातवाने सर्व बिले आणि उरलेले पाचशे रुपये तिच्यासमोर ठेवले. "हे कसे उरले?" तिने विचारले. तो म्हणाला, "आई, जेवढे लागत होते तेवढेच घेतले." तिने ती बिले एकेक करून वाचली, नीट घडी घातली आणि आपल्या कपाटात जपून ठेवली.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या संगणक घेईल, कोणी सायकल घेईल, कोणी क्रिकेटची बॅट घेईल. भाव बदलतील, आज नवे वाटणारे भाग उद्या जुने होतील. परंतु ही वस्तू मला कशासाठी हवी, तिचा कोणता भाग कोणाच्या आधारावर चालतो आणि जो डोळ्यांना दिसत नाही त्याच्याकडे माझे दुर्लक्ष तर होत नाही ना, हे तीन प्रश्न प्रत्येक खरेदीपूर्वी स्वतःला विचारण्यासारखे आहेत. नातवाच्या संगणकात रंगीत दिवे नाहीत. तरी त्याचे मित्र घरी आले, की तो पेटीचे झाकण उघडून प्रत्येक भाग का निवडला हे त्यांना सांगत बसतो आणि खेळ सुरू व्हायला बराच उशीर होतो.