वीतभर अंतर

फुला-किड्यांचे जवळून फोटो कमी पैशांत काढायचे असतील तर 50 मिलिमीटरची साधी लेन्स घ्यावी आणि तिच्यामागे एक्स्टेन्शन ट्यूब लावाव्यात, असं मी बरीच वर्षं सांगत आले. सांगलीत वनस्पतिशास्त्र शिकवताना मुलं हमखास विचारतात, "मॅडम, कुठली लेन्स घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं असायचं. आता मी ते देत नाही. माझं मत बदललं आहे, आणि ते का बदललं हे नीट सांगायला हवं, कारण त्या उत्तरामागचं गणित आजही बरोबरच आहे.

ट्यूब म्हणजे काच नसलेली पोकळ नळी. 12, 20 आणि 36 मिलिमीटरच्या तीन नळ्या एकापुढे एक जोडल्या की 68 होतात. 50च्या लेन्सला त्या लावल्या की सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या सव्वापटीहून मोठी पडते. खरी मॅक्रो लेन्स एकास एक, म्हणजे वस्तूएवढीच प्रतिमा देते आणि तिची किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर जाते. एकास एकला एफ 11 ठेवलं तरी जेमतेम मिलिमीटरभर भागच स्पष्ट येतो, मग लेन्स छोटी असो की लांब. मोठेपणा तोच, स्पष्ट भाग तेवढाच, तर जास्त पैसे का घालवायचे, असं माझं म्हणणं होतं.

या हिशेबात एक गोष्ट धरलेली नव्हती. ती म्हणजे फूल आणि लेन्स यांच्यामधलं अंतर. 50च्या लेन्सला एवढ्या ट्यूब लावल्या की पुढची काच फुलापासून पाच-सहा सेंटिमीटरवर न्यावी लागते. घरातल्या टेबलावर त्याने काही बिघडत नाही. कासवर बिघडतं.

साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं कासचं पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे जांभ्या दगडावर मातीचा पातळसा थर आहे, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्या ओल्या थरावर सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशी चिमुकली झाडं उगवतात. यातली बरीचशी एका पावसाळ्याची सोबती. काही आठवड्यांत फुलायचं, बी धरायचं आणि संपायचं. पाच सेंटिमीटरवर लेन्स न्यायची म्हणजे कोपर, गुडघे, कधी अख्खं अंग या गालिच्यावर टेकवणं आलं. फोटोत एक फूल येतं आणि ज्यांनी अजून बी धरलेलं नाही अशी कितीतरी फुलं अंगाखाली चिरडतात. वनस्पतिशास्त्राच्या शिक्षिकेने असा सल्ला देणं मला पटेनासं झालं.

वायतुऱ्याने तर उरलीसुरली शंकाही मिटवली. सातारचं नाव शास्त्रीय नावात घेऊन 1982 साली विज्ञानाला माहीत झालेली ही वनस्पती सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, पाणथळ डबक्यांत वाढते. तिचा दुभंगलेला तुरा पाण्यातून वर येतो. ट्यूब लावून तो टिपायचा तर पाण्यातच उतरावं लागतं.

म्हणून आता मी दुसरी जोडी सुचवते. बहुतेकांकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली 55-250 किंवा 70-300ची झूम लेन्स असतेच. तिच्या तोंडावर चांगल्या प्रतीची क्लोजअप काच बसवायची. चाळिशीचा चष्मा जे काम करतो तेच ही काच करते. रेनॉक्सच्या डीसीआर-150 या काचेची पॉवर 4.8 आहे. 200 मिलिमीटरवर ती जवळजवळ एकास एक देते, तेही वीस सेंटिमीटरवरून. वीतभर अंतर! जुनी टॅमरॉन 90 मॅक्रो एकास एकला साधारण याच्या निम्म्याच अंतरावर न्यावी लागते. डीसीआर-250ची पॉवर 8 आहे. ती मोठेपणा वाढवते, पण अंतर साडेबारा सेंटिमीटरवर आणते. पहिल्यांदा घेणाऱ्याने 150च घ्यावी.

आणखीही फायदे आहेत. ट्यूब लावली की प्रकाश घटतो, आणि कासच्या वाऱ्यात हलणाऱ्या फुलासाठी शटर तर वेगवान हवं असतं. क्लोजअप काचेने प्रकाश फारसा घटत नाही. ट्यूब बदलताना धुक्यात कॅमेरा उघडा पडतो, ही काच मात्र बाहेरूनच लागते. स्वस्तातल्या साध्या ट्यूबमध्ये विजेचे संपर्कबिंदू नसतात, त्यामुळे बऱ्याच कॅमेऱ्यांवर ॲपर्चरही बदलता येत नाही. आणि काच काढली की तीच झूम चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवणाऱ्या सरड्यासाठी चालते. 2016 साली नव्याने नोंदलेली ही जात लांबूनच बघायची असते. परवडणं म्हणतात ते मला आता यात दिसतं.

ट्यूब मी टाकून दिलेल्या नाहीत. तासगावकडच्या द्राक्षबागेत पानावरचे फुलकिडे बघायचे असतात, तेव्हा मिलिमीटरभराच्या किड्याला एकास एकही कमीच पडतं. पान तोडून टेबलावर ठेवलेलं असतं, कुणाच्या अंगावर आपण रेलत नाही. तिथे 50 आणि ट्यूब यांच्याइतकं स्वस्त आणि चोख काही नाही. शेतकऱ्याने विचारलं तर मी आजही तेच सांगेन.

जुनी मॅक्रो लेन्स मिळत असेल तर जरूर घ्या, पण मोबाइलची बॅटरी आरपार मारून आत बुरशीचे धागे नाहीत ना, हे आधी बघा. महाबळेश्वर-साताऱ्याच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये ती हमखास धरते.

यंदा कासला निघणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. घरातली झूम घ्या, तिच्यावर काच बसवा आणि आखून दिलेल्या वाटेवरूनच फोटो काढा. वाटेवरून जे फूल टप्प्यात येणार नाही, त्याचा फोटो काढू नका.